अंडाशयाला हुकूम कुणाचा?

वाशीच्या बाजार समितीत दाणा बंदराच्या गाळ्यांमागे रात्री उंदरांची वर्दळ असते. तिथेच फरशीखाली घुशींची बिळे आहेत आणि ती नेमकी कुठे आहेत हे माथाडींना तोंडपाठ असते. नेरूळ-जुईनगरच्या तळमजल्यावरच्या घरांत भिंतीला लगटून चिचुंद्री पळते. पारसिकच्या डोंगराकडून दिवेलागणीला वटवाघळे बाहेर पडतात. आणि खारघरला, टाटा मेमोरियल सेंटरच्या ॲक्ट्रेक या संस्थेत, ठरावीक तापमानात आणि ठरावीक तासांच्या उजेडात वाढवलेले प्रयोगशाळेतले उंदीर असतात.

नवी मुंबईच्या परिसरातल्या या माद्यांची अंडाशये जेमतेम काही मिलिमीटरांची. त्यांच्या रक्तात फिरणारी संप्रेरकेही तीच: मेंदूतून येणारे जीएनआरएच, पिट्युटरीची एफएसएच, एलएच आणि प्रोलॅक्टिन, खुद्द अंडाशयाची इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, ॲन्ड्रोजेन आणि इनहिबिन. तरीही उंदराची मादी दर चार-पाच दिवसांनी बीज सोडते. चिचुंद्री नर भेटल्याशिवाय सोडतच नाही. पिवळ्या वटवाघळाची मादी नर भेटून गेल्यावरही काही आठवडे बीज धरून ठेवते आणि तोवर नराचे शुक्राणू पोटात सांभाळते. सामग्री एकच असून कारभार इतका निराळा का, हा या आढाव्याचा प्रश्न आहे. शंभर वर्षांच्या संशोधनाने त्याची बरीच उकल केली, पण ती बहुतेक एकाच प्राण्यावर, पिंजऱ्यातल्या उंदरावर बेतलेली आहे. माझ्या मते ही मर्यादा आपण पुरेशी गंभीरपणे घेतलेली नाही. महाराष्ट्रात तर ती ओलांडण्याचे मोलाचे काम झाले होते, आणि तेच आज विस्मरणात गेले आहे.

आधी सर्वांना समान असलेला भाग पाहू. जन्मतः मादीच्या अंडाशयात हजारो फॉलिकल असतात. प्रत्येकात एक बीजपेशी आणि तिच्याभोवती पोषक पेशींचा थर. यातली बहुतेक फॉलिकल आयुष्यभरात विझूनच जातात, मोजकी तेवढी पिकतात. पिकण्याच्या शेवटच्या टप्प्यात पिट्युटरीच्या दोन संप्रेरकांचे काम वाटलेले असते. एलएच बाहेरच्या थीका पेशींना ॲन्ड्रोजेन तयार करायला लावते, तर एफएसएच आतल्या ग्रॅन्युलोसा पेशींत ॲरोमॅटेज हे विकर जागे करते आणि ते विकर त्या ॲन्ड्रोजेनचे इस्ट्रोजेन करते. म्हणजे पुरुषी समजले जाणारे संप्रेरक हा इस्ट्रोजेनचा कच्चा माल आहे. ही गोष्ट पुढे दोनदा लागणार आहे.

इस्ट्रोजेनची वागणूक दुहेरी आहे. ते थोडे असते तेव्हा पिट्युटरीला आवर घालते. चांगले वाढून काही काळ वरच राहिले की तेच मेंदूला चेतवते आणि पिट्युटरीतून एलएचचा लोंढा सुटतो. त्या लोंढ्याने फॉलिकल फुटून बीज सुटते आणि रिकाम्या फॉलिकलचा पीतपिंड होऊन तो प्रोजेस्टेरॉन देऊ लागतो. इस्ट्रोजेनचा निरोप जीएनआरएचच्या पेशींपर्यंत जातो कसा, हे बराच काळ कोडे होते, कारण त्या पेशींवर इस्ट्रोजेनचा मुख्य ग्राही सापडत नव्हता. २००३ नंतर किसपेप्टिन या मेंदूतल्या पेप्टाइडचे महत्त्व कळले आणि मधला दुवा हाती आला.

उंदराचे चक्र माणसाला कळले ते एका साध्या युक्तीने. सकाळी मादीला हातात धरून योनीत ड्रॉपरने मिठाच्या पाण्याचा एक थेंब सोडायचा, परत ओढून घ्यायचा, काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. गोल, केंद्रक असलेल्या पेशी दिसल्या तर मादी माजाच्या उंबरठ्यावर आहे. केंद्रक नसलेल्या, कडा दुमडलेल्या चपट्या पेशींचा खच दिसला तर ती माजावर आहे. पुढे पांढऱ्या पेशी मिसळू लागतात, आणि पट्टीवर जवळजवळ त्याच उरल्या की मादी विसाव्याच्या टप्प्यात आहे. चार-पाच दिवसांनी पुन्हा पहिले पान. १९१७ साली स्टॉकार्ड आणि पापानिकोलाऊ यांनी गिनीपिगवर ही पद्धत बसवली आणि १९२२ साली लाँग आणि इव्हान्स यांनी उंदरावर तिचा पक्का आराखडा मांडला. बायकांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी जी पॅप चाचणी करतात ती याच पापानिकोलाऊंची, आणि तिची सुरुवात गिनीपिगच्या अंडाशयाचा अंदाज घेण्यातून झाली. परळच्या किंवा खारघरच्या प्रयोगशाळेत शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस आजही याच थेंबाने सुरू होतो. महागड्या चाचण्या आल्या, तरी अंडाशयाचा त्या सकाळचा हालहवाल इतक्या स्वस्तात सांगणारे दुसरे काही नाही.

याच थेंबाच्या जोरावर १९२३ साली एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी अंडाशय काढलेल्या मादी उंदरांना डुकरिणीच्या फॉलिकलमधला द्रव टोचला. माजाच्या चपट्या पेशी परत दिसल्या. इस्ट्रोजेन नावाची काही गोष्ट आहे याचा तो ठोस पुरावा होता. चार-पाच वर्षांत बर्लिनला झोंडेक आणि आशहाइम यांनी गरोदर बाईची लघवी वयात न आलेल्या मादी उंदरांना टोचून दाखवली. चार-पाच दिवसांत त्या पिलांच्या अंडाशयात रक्ताने भरलेली फॉलिकल दिसू लागली. गरोदरपणाची ही पहिली भरवशाची चाचणी. १९३१ नंतर तिची जागा सशाने घेतली, कारण सशाचे अंडाशय चिथावणीशिवाय बीज सोडत नाही, त्यामुळे उत्तर स्वच्छ येते.

उंदराच्या बाबतीत सर्वांत सुंदर प्रयोग मला वाटतो तो एव्हरेट आणि सॉयर यांचा, १९५० चा. माजाच्या आदल्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास उंदराला गुंगीचे औषध दिले तर त्या रात्री बीज सुटत नाही. दुपारी चारनंतर दिले तर मात्र ठरल्याप्रमाणे सुटते. आणि दोन वाजता अडवलेले बीज थोड्या वेळाने सुटत नाही, नेमके चोवीस तासांनी, दुसऱ्या रात्री सुटते. म्हणजे फॉलिकल पिकलेले असून भागत नाही. मेंदूचा हुकूम दिवसातल्या एका ठरावीक वेळीच निघतो, ती वेळ हुकली की दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे लागते. ही वेळ उजेड-अंधारावर बांधलेली आहे. उंदरांच्या खोलीत अखंड दिवा ठेवला तर काही आठवड्यांत माद्या कायमच्या माजावर राहतात, फॉलिकल फुगतात, पण फुटत नाहीत.

उंदरात आणि बाईत सर्वांत मोठा फरक आहे तो पीतपिंडाचा. बाईचा पीतपिंड नवऱ्याशी संबंध येवो न येवो, दोन आठवडे प्रोजेस्टेरॉन देतो. उंदराच्या मादीचा नराविना दोन-तीन दिवसांतच आटोपतो. संग झाला तरच गर्भाशयमुखाच्या स्पर्शाने मेंदू प्रोलॅक्टिनचे रोज दोन लोट सोडू लागतो आणि पीतपिंड टिकतो. नर निर्बीज असला तरी मादी बारा-तेरा दिवस गाभण असल्यासारखीच राहते. शिवाय उंदराच्या गाभणपणात अंडाशय शेवटपर्यंत लागते, काढले तर गर्भ पडतो. बाईत दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या सुमारास वार ते काम उचलते. हे फरक पाठ्यपुस्तकात तळटीपेत असतात. खरे तर उंदरावरून बाईबद्दल निष्कर्ष काढताना ते पहिल्या पानावर हवेत.

या साऱ्या कथेत मुंबईचा वाटा मोठा आहे आणि त्याचा एक धागा थेट नवी मुंबईत येतो. अंडाशय आणि स्तनाचा कर्करोग यांचे नाते ग्लासगोचे शल्यविशारद बीटसन यांनी १८९६ साली दाखवले: अंडाशये काढल्यावर काही रुग्णांच्या गाठी ओसरल्या. १९१६ साली ॲबी लॅथ्रॉप आणि लिओ लोब यांनी उंदरांत तेच सिद्ध केले. १९३२ साली पॅरिसला लाकासान यांनी नर उंदरांना इस्ट्रोजेन टोचून त्यांना स्तनाचा कर्करोग झालेला दाखवला. १९३६ साली बिटनर यांनी दाखवले की आईच्या दुधातूनही काहीतरी पिलात जाते. तो विषाणू होता. आता अनुवंश, विषाणू आणि अंडाशयाची संप्रेरके अशा तीन गोष्टींचा गुंता सोडवायचा होता.

तो हाती घेणाऱ्यांत कमल रणदिवे होत्या. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या, वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक. डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली १९४९ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळवली, बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशीसंवर्धन शिकून आल्या आणि परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली पेशीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. स्तनाच्या गाठी मोठ्या प्रमाणात होणारी, ‘आयसीआरसी’ नावाने ओळखली जाणारी उंदरांची जात याच केंद्राची. कर्करोगाची प्रवृत्ती असलेल्या उंदरात संप्रेरके आणि विषाणू एकमेकांना कसे हात देतात, हा रणदिवे यांच्या कामाचा गाभा होता. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली स्थापन झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या संस्थापकांत त्या होत्या. या संघटनेचे ठाणे आज वाशीत आहे, आणि परळची ती कर्करोग संशोधन संस्था पुढे खारघरला ॲक्ट्रेकमध्ये सामावली. नवी मुंबईच्या शाळांतून रणदिवे यांचे नाव किती मुलांना माहीत असेल, याची मला चिंता वाटते.

परळलाच प्रजनन संशोधनाची आपली राष्ट्रीय संस्था आहे. तिथे अनिल शेठ यांनी इनहिबिनवर, म्हणजे एफएसएचला लगाम घालणाऱ्या पदार्थावर, वर्षानुवर्षे काम केले. अंडाशयातले इनहिबिन म्हणजे नेमके कोणते प्रथिन हे १९८५ साली परदेशी गटांनी निश्चित केले, आणि मुंबईत वीर्यद्रवातून मिळालेले पेप्टाइड त्याहून वेगळे ठरले. तरीही एफएसएचला एकट्याला आवरता येते का, हा त्यांनी धरलेला प्रश्न अगदी बरोबर होता. तरला नांदेडकर यांनी फॉलिकलमधल्या द्रवातून असे पेप्टाइड वेगळे केले की जे एफएसएचला त्याच्या ग्राहीवर बसू देत नाही. उंदरात त्याने फॉलिकल पिकण्याऐवजी विझू लागतात. मला हे काम महत्त्वाचे वाटते, कारण त्याने दृष्टी फिरवली: अंडाशय वरून आलेला हुकूम ऐकते, पण किती ऐकायचा हे थोडेफार स्वतःही ठरवते. याच संस्थेचे पुढे संचालक झालेले खोलकुटे यांनी त्याआधी बनारसला जास्वंदीच्या फुलांचा अर्क मादी उंदरांना देऊन त्यांचे चक्र विस्कटते हे दाखवले होते. जास्वंदीचे ते गर्भनिरोधक काही बाजारात आले नाही, पण अशा देशी वनस्पतींवरच्या शेकडो प्रबंधांची वाट त्या काळात पडली. त्यातले बहुतेक प्रबंध वजन, चक्राचे दिवस आणि अंडाशयाचे छेद यांपुढे गेले नाहीत, हेही नोंदवायला हवे.

उंदरावरून बाईकडे उडी मारताना किती जपावे लागते याचा लेट्रोझोल हा उत्तम धडा आहे. हे औषध ॲरोमॅटेजला अडवते. मादी उंदरांना ते सलग तीन आठवडे दिले की ॲन्ड्रोजेनचे इस्ट्रोजेन होत नाही, ॲन्ड्रोजेन साचते, अंडाशयात पाण्याने भरलेल्या गाठी येतात आणि चक्र थांबते. पीसीओएसचा, म्हणजे अंडाशयात अनेक गाठी होण्याच्या विकाराचा, हा ‘नमुना’ आज आपल्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांत सर्रास वापरतात. आणि पीसीओएस असलेल्या बाईला बीज सुटावे म्हणून डॉक्टर जे औषध देतात तेही लेट्रोझोलच, पण पाळीच्या सुरुवातीला फक्त पाच दिवस. इस्ट्रोजेन थोडे दिवस खाली आले की मेंदूवरचा आवर सुटतो, एफएसएच वाढते, फॉलिकल पिकते. आपल्याकडे २०११ साली वंध्यत्वासाठी या औषधावर बंदी आली आणि २०१७ साली ती उठली. एकाच औषधाने एकीकडे आजार होतो, दुसरीकडे उपचार, आणि फरक आहे तो दिवसांचा. संप्रेरकांच्या शास्त्रात ‘किती’पेक्षा ‘केव्हा आणि किती वेळ’ हा प्रश्न मोठा आहे असे माझे मत याच उदाहरणाने पक्के झाले.

आता पिंजऱ्याबाहेर येऊ. चिचुंद्रीला लोक उंदीर समजतात, पण ती कीटकभक्षी, उंदरांची दूरचीही नातलग म्हणता येईल की नाही अशी. तिला माजचक्रच नाही. नर न भेटलेल्या मादीचे अंडाशय उघडून पाहिले तर पिकलेले मोठे फॉलिकल दिसत नाही. नर भेटला की संगानंतर फॉलिकल झपाट्याने वाढते आणि काही तासांनी बीज सुटते. ससा आणि मांजर यांच्यातही संगानेच बीज सुटते, पण त्यांची मादी माजावर यावी लागते आणि तो माज इस्ट्रोजेनचा असतो. चिचुंद्रीत तसेही नाही. पिकलेले फॉलिकल नाही म्हणजे रक्तात इस्ट्रोजेन नगण्य. मग ती नराला जवळ येऊ कशी देते? एमिली रिसमन यांनी अमेरिकेत चिचुंद्र्यांवर केलेल्या प्रयोगांनी उत्तर दिले: टेस्टोस्टेरॉनच्या जोरावर. अंडाशय आणि अधिवृक्क ग्रंथी ते पुरवतात आणि त्याचे इस्ट्रोजेन होते ते अंडाशयात नव्हे, तर मेंदूत. ॲरोमॅटेज अडवले की मादी नराला झिडकारते. वर म्हटले होते की ॲन्ड्रोजेन हा कच्चा माल आहे, इथे त्या मालाचा कारखानाच दुसरीकडे हलवलेला आहे.

याहून बोलका दुसरा प्रयोग आहे. चिचुंद्रीला दोन दिवस अर्धपोटी ठेवले की तिची नराबद्दलची ओढ संपते. मग फक्त दीड तास पोटभर खाऊ घातले की ती परत येते. इतक्या थोड्या वेळात चरबी वाढत नाही. मेंदूला ‘अन्न आहे’ एवढीच खबर मिळते, आणि ती पोचवण्यात जीएनआरएचच्याच एका प्राचीन भावंडाचा हात असल्याचे रिसमन यांच्या गटाने २००३ साली दाखवले. चिचुंद्री फार लहान, तिची भूक फार मोठी. तिच्या शरीराने पिकलेले फॉलिकल तयार ठेवून वाट पाहण्याचा खर्चच टाळला आहे.

वटवाघळांकडे मात्र मला सर्वांत जास्त थांबायचे आहे, कारण हे काम आपले आहे. नागपूरच्या विज्ञान संस्थेत प्रा. ए. गोपालकृष्ण यांनी वटवाघळांच्या प्रजननाच्या अभ्यासाची एक शाळाच उभी केली. चौधरी, करीम असे त्यांचे सहकारी आणि विद्यार्थी वर्षभर, महिन्यामहिन्याला, गुहांतून आणि जुन्या इमारतींतून माद्या गोळा करत, अंडाशय आणि गर्भाशय मेणात बसवून पातळ छेद घेत, आणि कोणत्या तारखेला कोणत्या बाजूच्या अंडाशयात काय चालले आहे याची नोंद ठेवत. हे काम कंटाळवाणे वाटेल, पण बारा महिन्यांची सलग नोंद नसेल तर वन्य प्राण्याच्या अंडाशयाबद्दल काहीच बोलता येत नाही.

त्या छेदांतून जे दिसले ते थक्क करणारे आहे. टॅफोझोअस लाँगिमॅनस हे वटवाघूळ वर्षभर विते, असे गोपालकृष्ण यांनी १९५५ साली दाखवले. फळे खाणाऱ्या रुसेटस लेशेनॉल्टीवरचा गोपालकृष्ण आणि चौधरी यांचा १९७७ चा निबंध सांगतो की ते वर्षातून दोनदा, पाठोपाठ गाभण राहते, एकदा गर्भाशयाच्या एका शिंगात आणि पुढच्या वेळी दुसऱ्या. मेगाडर्मा लायरात डावे अंडाशय आणि डावे शिंग तेवढे चालते, उजवे नुसते नावाला. ऱ्हायनोलोफसमध्ये उजवे. आणि लांब पंखांच्या मिनिऑप्टेरसमध्ये बीज सुटते डाव्या अंडाशयातून, गर्भ वाढतो उजव्या शिंगात.

यात शास्त्राचा एक फार खोल प्रश्न दडला आहे. एफएसएच आणि एलएच रक्तातून दोन्ही अंडाशयांना सारखेच मिळते. मग एकच का ऐकते? म्हणजे वरचा हुकूम पुरेसा नाही, प्रत्येक अंडाशयाचे स्वतःचे काही आहे: तिथल्या नसा, रक्तपुरवठा, तिथले स्थानिक पदार्थ. कॅलिफोर्नियातल्या मॅक्रोटस वटवाघळात चालते अंडाशय काढून टाकले तर एरवी गप्प असणारे दुसरे बीज सोडू लागते, असे पुढे दिसले. म्हणजे ते निकामी नव्हते, दबलेले होते. कोणी दाबले, कशाने, याचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर आजही नाही. परळला उंदरांच्या फॉलिकलमध्ये जो ‘स्थानिक लगाम’ शोधत होते, त्याचा निसर्गाने मांडून ठेवलेला प्रयोग नागपूरकरांच्या काचपट्ट्यांवर होता. या दोन गटांनी एकत्र बसून काम केले असते तर, असे राहून राहून वाटते.

पिवळ्या वटवाघळाचे, स्कोटोफिलस हीथीचे, अंडाशय तर वैद्यकाला थेट भिडते. बनारस हिंदू विद्यापीठात अमिताभ कृष्णा यांच्या गटाने त्यावर दीर्घ काम केले. संग होतो जानेवारी-फेब्रुवारीत, बीज सुटते मार्चच्या सुरुवातीला, पिल्ले येतात पावसाच्या तोंडावर, किडे भरपूर असतात तेव्हा. मधल्या काळात फॉलिकल वाढलेले पण थांबलेले, रक्तात ॲन्ड्रोस्टेनडायोन चढलेले, इन्सुलिन चढलेले, अंगावर चरबी. हे वर्णन पीसीओएसच्या रुग्णाचे वाटावे असे आहे. फरक एवढाच की वटवाघूळ दरवर्षी त्या स्थितीत जाते आणि दरवर्षी आपले आपण बाहेर येते. लेट्रोझोल देऊन आजारी पाडलेल्या उंदरापेक्षा हे आपोआप बरे होणारे अंडाशय आपल्याला अधिक शिकवेल, असे मला ठामपणे वाटते.

आणि रुसेटस? २००७ साली चिनी संशोधकांनी दाखवले की या वटवाघळाच्या मादीला माणसासारखी पाळी येते, चक्र साधारण महिन्याचे. सस्तन प्राण्यांत पाळी फार थोड्यांना येते: माणूस, माकडे, काही वटवाघळे, हत्ती-चिचुंद्री आणि अलीकडे उमगलेला एक काटेरी उंदीर. ज्या प्राण्याचे अंडाशय नागपूरकरांनी महिन्यामहिन्याने पाहिले, तोच प्राणी गर्भाशयाच्या चक्राबाबत बाईला पांढऱ्या उंदरापेक्षा जवळचा निघाला. महाराष्ट्रातल्या लेण्यांत आणि गुहांत तो आजही लटकलेला असतो.

शहराच्या दृष्टीने यातून काय निघते? उंदीर-घुशी मारण्यासाठी आपल्या महापालिका विष आणि सापळे वापरतात. मुंबईत रात्रपाळीचे मूषक संहारक आहेत. पण उंदराची मादी व्याल्यानंतर चोवीस तासांच्या आत पुन्हा माजावर येते, गाभणपण तीन आठवड्यांचे. जितके मारावे तितकी उरलेल्यांना जागा आणि धान्य मोकळे होते. म्हणून अमेरिकेत अंडाशयावरच काम करणारे द्रवरूप आमिष निघाले, त्याला तिथल्या पर्यावरण संस्थेने २०१६ साली परवानगी दिली. त्यातले एक रसायन, व्हीसीडी, साठ्यातली सर्वांत कोवळी फॉलिकल नष्ट करते. दुसरे, ट्रिप्टोलाइड, वाढत्या फॉलिकलना आणि नराच्या शुक्राणूंना मारते. साठा संपला की पिट्युटरीने कितीही एफएसएच पाठवले तरी ऐकायला कोणी उरत नाही. न्यूयॉर्कने २०२४ साली त्याच्या चाचणीसाठी कायदा केला. वाशीत ते चालेल का? मादीने ते बरेच दिवस, नेमाने प्यावे लागते, आणि दाणा बंदरात तिच्यासमोर गव्हाच्या थप्प्या आहेत. पहिला उपाय सांडलेले धान्य झाडून नेणे हाच. चिचुंद्रीच्या प्रयोगाने सांगितलेच आहे की अन्नाची खबर मेंदूपर्यंत किती लवकर जाते.

दाटीवाटी आणि वास यांचाही परिणाम असतो. पिंजऱ्यात नुसत्या माद्या एकत्र ठेवल्या तर त्यांचे चक्र मंदावते (१९५५), नराच्या लघवीचा वास आला की ते पुन्हा सुरू होते आणि बऱ्याच जणींचा माज एकाच रात्री येतो (१९५६), नुकत्याच गाभण राहिलेल्या मादीला परका नर भेटला तर गर्भ रुजतच नाही (१९५९). ही निरीक्षणे पिंजऱ्यातल्या लहान उंदरांची. घुशीच्या बिळात यातले किती घडते, हे कोणीतरी पाहायला हवे.

ते पाहण्यासाठी आता प्राणी मारावा लागत नाही. विष्ठेतून संप्रेरकांचे अंश मोजण्याची पद्धत हैदराबादच्या सीसीएमबीने वन्य प्राण्यांसाठी रुळवली आहे. २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत वन्यजीव कायद्यात फळे खाणारी वटवाघळे उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, ती यादीच आता राहिली नाही. नवी मुंबईतल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांना माझी विनंती आहे: वटवाघळांची जवळची एक वसाहत निवडा, रीतसर परवानगी घ्या, माद्यांना हात न लावता खाली पडलेली विष्ठा बारा महिने, दर पंधरवड्याला गोळा करा, आणि पिल्ले कधी दिसली त्याची तारीख लिहून ठेवा. महापालिकेने सापळ्यात सापडलेल्या घुशींत माद्या किती, गाभण किती, वेत केवढे, हे महिन्यावार लिहून ठेवावे. यासाठी खारघरसारखी मोठी प्रयोगशाळा लागत नाही, वही लागते आणि एक पूर्ण वर्ष लागते.